सब्स्टिट्यूशन सायफर : गुण वाढतात, पण मजकूर लागत नाही

प्रश्न
सब्स्टिट्यूशन सायफर, म्हणजे प्रत्येक अक्षराऐवजी ठरलेलं दुसरं अक्षर लिहिलेला गुप्त मजकूर, फोडायचा आहे. मूळ मजकूर इंग्रजी, स्पेस काढलेल्या, एकूण १४० अक्षरं. पायथनमधला प्रोग्राम किल्लीतल्या (कोणत्या अक्षराऐवजी कोणतं, त्या यादीतल्या) दोन अक्षरांची अदलाबदल करतो. गुण वाढले तर ठेवतो, नाहीतर मागे फिरतो. उलगडलेला मजकूर इंग्रजीशी किती जुळतो त्याचे हे गुण, एकेका अक्षराच्या वारंवारतेवरून. थोड्याच वेळात गुण थबकतात आणि हाती येतो तो निव्वळ कचरा. चुकतंय कुठे?

उत्तर १
गुण देण्यात. ओ, आय, एन, एस यांची टक्केवारी इतकी लागून आहे की १४० अक्षरांत त्यांचा क्रम सहज उलटतो. शिवाय एकेरी मोजणीला अक्षराचा शेजारी दिसतच नाही. क्वाडग्राम घ्या, म्हणजे सलग चार अक्षरांचे गट. शक्य गट ४,५६,९७६. भरपूर इंग्रजी मजकुरातून ते मोजा, प्रत्येकाच्या संभाव्यतेचा लॉग (लॉगॅरिदम) काढून ठेवा आणि तुमच्या १३७ गटांच्या लॉगची बेरीज करा. थेट संभाव्यतांचा गुणाकार केलात तर तो इतका लहान होतो की फ्लोटमध्ये (पायथनच्या दशांश संख्येत) शून्यच उरेल. मोजणीत न आलेल्या गटाची संख्या ०.०१ धरा, शून्य धरली तर एखाद्या विचित्र आडनावापायी बरोबर किल्लीही बाद होते.

उत्तर २
आणि किल्लीची कॉपी घेताना 'नवी = जुनी' असं लिहिलंय का, ते बघा. पायथनमध्ये त्याने लिस्टची कॉपी होत नाही, दोन्ही नावं एकाच लिस्टला चिकटतात. मग नाकारलेला बदलही किल्लीत राहतो. 'नवी = जुनी[:]' हवं.

थबकणं मात्र चालायचंच. अदलाबदलीच्या शक्य जोड्या ३२५, एकीनेही गुण वाढले नाहीत, की नवी रँडम किल्ली घेऊन पहिल्यापासून सुरू. अशा ५०-१०० फेऱ्या करा. वेगवेगळ्या सुरुवातींतून तोच सर्वोच्च गुण परत परत आला, तर उत्तर बहुधा तेच.

प्रश्नकर्ता
कॉपीचा घोळ होताच! आता मजकूर स्वच्छ वाचता येतो. पण जे, क्यू, झेड दर वेळी वेगळे येतात, गुण मात्र तेवढेच.

उत्तर १
मजकुरात ती अक्षरं नसणारच. मग ती आपापसांत कशीही फिरवा, गुणांना फरक पडत नाही. किल्लीत त्या जागा रिकाम्या दाखवा. एखादं अक्षर एकदाच आलं असेल, तर ते आजूबाजूचा शब्द वाचून हातानेच बसवा.