जुन्या गेमिंग संगणकात आधी काय बदलावे?

विषय: जुन्या गेमिंग संगणकात आधी काय बदलावे?

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

आमच्या घरातला गेमिंग संगणक आम्ही २०१७ साली एकेक भाग निवडून जोडला होता. त्यात रायझेन ५ १६०० प्रोसेसर, बी३५० चिपसेटचा मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड), ८ जीबी रॅम (तात्पुरती मेमरी), ६ जीबीचे जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड, विंडोजपुरती १२० जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) आणि गेमसाठी १ टीबीची हार्ड डिस्क आहे. शिक्षणासाठी बाहेर राहणारा माझा मुलगा आणि मी दर शनिवारी रात्री ऑनलाइन एकत्र खेळतो, आणि आठवड्यातले ते दोन तास मला फार मोलाचे वाटतात. अलीकडे मात्र शहरात फिरण्याच्या एका नव्या गेममध्ये चित्र क्षणभर गोठते आणि पुन्हा हलू लागते तोवर गाडी कठड्यावर आदळलेली असते. ग्राफिक्स कार्ड बदलावे, असे मुलाचे म्हणणे आहे. सगळा संगणक एकदम बदलण्याची माझी तयारी नाही. टप्प्याटप्प्याने बदलायचा तर सुरुवात कुठून करावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

आपली,
एक सभासद

उत्तर: जुन्या गेमिंग संगणकात आधी काय बदलावे?

ताई, सप्रेम नमस्कार.

ग्राफिक्स कार्ड हे पहिले उत्तर बहुतेकांच्या तोंडी असते आणि पुष्कळदा ते बरोबरही असते, परंतु आपण लिहिलेल्या लक्षणांवरून मला इथे तशी खात्री वाटत नाही. कार्ड कमी पडते तेव्हा खेळ बहुधा एकसारखा मंद चालतो. मध्येच गोठून पुन्हा पळू लागणारे चित्र पाहिले की मी आधी रॅम, डिस्क आणि प्रोसेसर यांच्याकडे वळतो. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रे, हव्या असतील तर प्रत्येक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते. त्यातली एखादीच २०० मिलिसेकंद रेंगाळली तरी सरासरीचा आकडा फारसा हलत नाही, पण डोळ्यांना तो झटका लगेच जाणवतो.

काहीही विकत घेण्याआधी एक संध्याकाळ मोजमापासाठी द्यावी. ज्या ठिकाणी गेम अडखळतो त्याच ठिकाणी उभे राहून फ्रेमचा आकडा टिपावा, मग इतर काही न बदलता रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणून तोच आकडा पुन्हा पाहावा. पिक्सेल निम्म्याहून कमी झाल्यावर फ्रेम लक्षणीय वाढल्या, तर ग्राफिक्स कार्ड थकले आहे, असे समजावे. आकडा जागचा हलला नाही, तर कार्ड कोणाची तरी वाट पाहत बसले आहे. सोबत टास्क मॅनेजरमध्ये मेमरी आणि डिस्क किती टक्के भरतात तेही पाहावे. शिवाय संगणक बंद करून, वीज काढून, कॅबिनेट उघडावे आणि रॅमच्या पट्ट्या किती आहेत ते डोळ्यांनी पाहावे.

उत्तर: मोजमाप केले, निकाल पाठवीत आहे

दादा, आपण सांगितल्याप्रमाणे सगळे केले.

शहराच्या गेममध्ये चौकात उभे राहून १०८० वर ४८ फ्रेम मिळाल्या आणि ७२० वर ४९. ग्राफिक्स कार्डाचा वापर दोन्ही वेळा ६५ टक्क्यांच्या आतच राहिला. मेमरी ९४ टक्के भरलेली होती, आणि चित्र गोठले त्या प्रत्येक वेळी हार्ड डिस्क १०० टक्क्यांवर गेलेली दिसली. शर्यतीच्या गेमची कथा मात्र वेगळी निघाली: तिथे १०८० वर ५२ आणि ७२० वर ८४ फ्रेम, आणि कार्ड सतत ९९ टक्क्यांवर.

कॅबिनेट उघडल्यावर मला वाईट वाटले. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीचा थर नमद्यासारखा दाट बसला होता. चिमट्याने एक टोक धरले तर तो अखंड उचलला गेला. रॅमची एकच पट्टी आहे, ८ जीबीची, आणि ती २१३३ च्या वेगाने चालते, असे टास्क मॅनेजर दाखवतो. पट्टीवर मात्र ३००० असे छापलेले आहे. म्हणजे मुलाचे म्हणणे बरोबर की आपले?

उत्तर: मोजमाप केले, निकाल पाठवीत आहे

ताई, इतके नेटके मोजमाप पाठवल्याबद्दल आभार. शर्यतीच्या गेमपुरते आपल्या मुलाचे म्हणणे बरोबर आहे. तिथे सावल्या आणि प्रतिबिंबे एक पायरी खाली आणली तरी तूर्त भागेल. ज्या गेममुळे आपला शनिवार बिघडतो, तिथे नवे कार्डसुद्धा याच ४८ फ्रेमपाशी अडेल.

पहिला बदल रॅमचा करावा. ८ जीबी पुरत नाही, म्हणून विंडोज उरलेला पसारा डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये, म्हणजे रॅमऐवजी वापरायच्या राखीव फाइलमध्ये, लिहीत राहते. आपल्या छोट्या एसएसडीवर जागा नाही म्हणून ती फाइल हार्ड डिस्कवर हलवली असेल, तर गोठण्याचे निम्मे कोडे तिथेच सुटते, तेव्हा हे एकदा तपासावे. दुसरे असे की एकाच पट्टीमुळे मेमरीकडे जाणाऱ्या दोन वाटांपैकी (चॅनेलपैकी) एकच चालू आहे, आणि रायझेनच्या या पिढीत प्रोसेसरचे अंतर्गत दळणवळणही मेमरीच्या वेगाशी बांधलेले असल्याने ही कमतरता दुहेरी नडते. ८ जीबीच्या दोन पट्ट्यांचा, ३२०० वेगाचा, एकत्र विकला जाणारा जोड घ्यावा आणि जुन्या पट्टीत नवी मिसळण्याचा मोह टाळावा. चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी वापरावी, मदरबोर्डच्या पुस्तिकेत हे तपासून घ्यावे, आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे पट्टीवर छापलेला वेग लागू करणारी सोय, चालू करावे. ते चालू न केल्यामुळेच आपली ३००० ची पट्टी इतकी वर्षे २१३३ वर चालली. रायझेन १६०० वर ३२०० कदाचित स्थिर राहणार नाही. तसे झाल्यास २९३३ वर ठेवावे.

दुसरा बदल गेमसाठी मोठ्या एसएसडीचा. हार्ड डिस्कच्या मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीला हवी ती माहिती समोर आणायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद लागतात, शिवाय वाचणारे हेड सरकण्याचा वेळ वेगळा. एसएसडी तेच काम मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात करते. शहरातून गाडी पळवताना गेम सतत नवे रस्ते आणि भिंती डिस्कवरून मागत असतो, म्हणून हा फरक केवळ लोडिंगपुरता राहत नाही. बी३५० बोर्डांवर बहुधा एम.२ खाच (पट्टीसारखी एसएसडी बसवायची जागा) असते, तेव्हा तिथे बसणारी अधिक वेगवान एनव्हीएमई प्रकारची एसएसडी घेता येईल, मात्र काही बोर्डांवर ती खाच वापरली की एखादे साटा पोर्ट (डिस्कची केबल लावायची जागा) बंद पडते, हे आधी पाहून घ्यावे.

तिसरा बदल प्रोसेसरचा, आणि इथे आपले २०१७ सालचे ठरवणे आज कामी येते. त्याच वर्षीचा सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर घेतला असता तर नव्या पिढीसाठी मदरबोर्डही बदलावा लागला असता; आपल्या बोर्डाच्या एएम४ सॉकेटवर (प्रोसेसर बसवायच्या जागेवर) मात्र रायझेन बनवणाऱ्या एएमडीने २०२२ साली आलेला रायझेन ५ ५६०० सुद्धा बसू दिला आहे. आणखी एक कारण आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत रायझेन १६०० नाही, ५६०० आहे. एका बदलाने दोन्ही कामे होतील.

या कामाचा क्रम मात्र काटेकोर पाळावा. आपल्या बोर्डाच्या निर्मात्याच्या यादीत ५६०० साठी कोणते बायोस हवे ते पाहावे आणि जुना प्रोसेसर जागेवर असतानाच ते चढवावे; त्या वेळी वीज जाता कामा नये. कूलर (प्रोसेसरवरचा पंखा व धातूचा ठोकळा) काढण्याआधी संगणक दहा-पंधरा मिनिटे चालवून गरम करावा, मग बंद करून, वीज काढून, कूलर सरळ वर न ओढता हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवावा. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, आणि वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे (प्रोसेसर व कूलर यांच्यामधल्या उष्णता वाहणाऱ्या लेपामुळे) कूलरसोबत प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो. माझा असाच आला होता, आणि १३३१ पिनांपैकी वाकलेल्या चार पिना सरळ करण्यात माझी अख्खी दुपार गेली.

ग्राफिक्स कार्ड सर्वांत शेवटी घ्यावे, आणि त्याआधी पॉवर सप्लायचे वय विचारात घ्यावे. जीटीएक्स १०६० ला १२० वॉट लागतात, आरएक्स ६६०० सारख्या नव्या कार्डाला १३२, त्यामुळे वॉटचा प्रश्न येणार नाही. पण इतक्या वर्षांच्या सप्लायवर नवे कार्ड लावायला मी स्वतः धजणार नाही. तो बदलताना जुन्या मॉड्युलर (सुट्या होणाऱ्या) केबल नव्या सप्लायला कधीही लावू नयेत, कारण खोबणीत बसल्या तरी आतील तारांचा क्रम निराळा असू शकतो आणि डिस्क जळतात. कार्ड निवडताना आपला बोर्ड पीसीआय एक्सप्रेस ३.० चा, म्हणजे कार्डाशी जोडणीच्या जुन्या पिढीचा, आहे हे लक्षात ठेवावे. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड बोर्डाशी जोडणाऱ्या चारच लेन (वाटा) वापरते आणि तिच्यावर बहुधा ४ जीबीच मेमरी असते, त्यामुळे जुन्या बोर्डावर ती फार मार खाते. कार्डाच्या मेमरीत ८ जीबीखाली जाऊ नये.

उत्तर: मोजमाप केले, निकाल पाठवीत आहे

नमस्कार. वरील क्रमाशी मी सहमत आहे, फक्त मॉनिटरची एक पुस्ती जोडतो. मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा, असेल तर त्यापुढच्या फ्रेम पडद्यावर पूर्ण दिसणारच नाहीत, तेव्हा शंभर फ्रेमसाठी कार्ड घेण्याआधी हे पाहावे. तसेच १४४० रिझोल्यूशनचा मॉनिटर मोहक असला तरी त्यात १०८० च्या पावणेदोनपटीहून अधिक पिक्सेल असतात, आणि तो सगळा भार कार्डावर येतो.

उत्तर: बदल झाले

दादा, आणि मॉनिटरबद्दल लिहिणारे सभासद, दोघांचेही मनापासून आभार.

पेज फाइल खरोखरच हार्ड डिस्कवर होती. जागा वाचवण्यासाठी मीच ती कधीतरी हलवली होती. नवी रॅम २९३३ वर बसवली, तेव्हा त्याच चौकात ४८ च्या जागी ५७ फ्रेम दिसल्या, आणि गेम एसएसडीवर हलवल्यावर गोठणे जवळजवळ थांबले. महिनाभराने ५६०० घेतला. बायोस आधी चढवले, संगणक गरम केला, कूलर फिरवत सोडवला. प्रोसेसर सॉकेटमध्येच राहिला तेव्हा हायसे वाटले. आता रॅम ३२०० वर चालते, चौकात ६० फ्रेम स्थिर राहतात आणि ग्राफिक्स कार्ड ९५ टक्क्यांवर पोहोचते, म्हणजे यापुढची पाळी त्याचीच आहे, हे मलाही कळते. मॉनिटर ६० हर्ट्झचाच असल्याने ती घाई मी करणार नाही. आधी पॉवर सप्लाय बदलेन.

गेल्या शनिवारी आम्ही अडीच तास खेळलो आणि गाडी एकदाही कठड्यावर गेली नाही.

काढलेला रायझेन १६०० पिनांसह सुस्थितीत असून मूळच्या प्लास्टिकच्या खोक्यात ठेवला आहे, आणि ८ जीबीची जुनी पट्टीही चालू स्थितीत आहे. मंडळातील कोणाच्या मुलामुलींना पहिला संगणक जोडायचा असल्यास कळवावे. दोन्ही वस्तू मी पुढच्या बैठकीला घेऊन येईन.