पूल आणि बेतीची फेरीबोट
गोव्यात पणजीजवळ मांडवी नदीवर असलेल्या अटल सेतूवरून जाताना नदीपेक्षा कठडाच अधिक दिसतो आणि अशा पुलाची भीती उंचीमुळेच वाटते, असे कोणी म्हणतात. त्यातले पहिले म्हणणे मान्य आहे. मात्र पुलाची भीती उंचीमुळेच वाटते, हे पटत नाही. मांडवीवरील पहिला पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला तेव्हा मी शाळेत होतो, आणि त्यानंतर पणजीसमोरच्या तीरावरील बेतीच्या धक्क्यावर छत्री धरून फेरीबोटीची वाट पाहणे हाच आमचा दिनक्रम झाला. पुढे नवा पूल झाला, तरी बसचे चाक पहिल्या सांध्यावर दणकले की आई समोरच्या आसनाचा दांडा घट्ट धरी आणि पणजीचा किनारा येईपर्यंत एक शब्दही बोलत नसे. पणजी-रायबंदर मार्ग मात्र, जो सतराव्या शतकातील पूलच आहे (अनेकांना हे ठाऊकही नसते), ती निर्धास्तपणे गप्पा मारत ओलांडत असे. तेथे पाणी अगदी हाताशी असते.