मदत हवी आहे: आप्पांचा खरा वाढदिवस आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा), सेवापुस्तकात १ जून. शुभेच्छा कधी आणि कशा द्याव्यात?

नमस्कार मंडळी,

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, सरकारी कार्यालयात मी कनिष्ठ लिपिक आहे. आस्थापनेचं टेबल माझ्याकडे, म्हणजे सगळ्यांची सेवापुस्तकं माझ्याच कपाटात. त्यामुळे वाढदिवसांची यादी ठेवायची आणि त्या त्या दिवशी सकाळी ग्रुपवर शुभेच्छा टाकायच्या, हे कामही माझ्याकडे आलं. मी ते आवडीने करतो. साचा ठरलेला आहे: फोटो, भोवती फुलांची चौकट, खाली 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, आपली उत्तरोत्तर प्रगती होवो, सप्तशृंगी माता आपणांस उदंड आयुष्य देवो'. नाव बदललं की झालं.

गेल्या वर्षी, २०२४ साली, १ जूनला शनिवार होता. यादीत त्या एका तारखेला पाच नावं होती. पाचही फोटो एका चौकटीत बसवले आणि सकाळी साडेसातला टाकून दिले. एका कार्यालयात पाच जण एकाच दिवशी कसे जन्मले, हा प्रश्न मला पडायला हवा होता, पडला नाही.

सोमवारी आप्पा पेढे घेऊन आले. आप्पा म्हणजे आमच्या बारनिशीचे (आवक-जावक टपालाच्या टेबलाचे) वरिष्ठ लिपिक, मूळचे धुळे जिल्ह्यातले, पांझरेकाठचे. मी रुजू झालो तेव्हा आवक-जावक कशी चढवायची, टिपणी कशी लिहायची, हे सगळं त्यांनी शेजारी बसवून शिकवलं. टिपणी लिहायच्या आधी मागची सगळी पानं वाच, असं ते सांगायचे आणि मी वाचतो आहे की नाही तेही बघायचे. त्या दिवशी सगळ्यांना पेढे वाटून झाल्यावर चहाच्या वेळी मला म्हणाले, "भाऊ, हे पेढे मास्तरांच्या तारखेचे. मन्ही माय म्हने, तू आखाजीले जलमना."

मग त्यांनी सांगितलं. वडील सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतमालकाकडे राबणारे गडी. आमच्या भागात सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि आखाजीलाच नवं धरलं जातं, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. त्या वर्षी वडिलांनी मालक बदलला होता. सामान बैलगाडीत, आई गाडीत आणि नव्या मालकाच्या खळ्यावर पोचल्यावर त्याच रात्री आप्पांचा जन्म. साल कोणतं ते आईला सांगता येत नव्हतं, पण दिवस आखाजीचा, याबद्दल तिला कधीच शंका नव्हती. दरवर्षी आखाजीला पहिली सांजोरी कढईतून निघाली की ती आप्पांच्या हातावर ठेवायची आणि म्हणायची, "आज तुन्हा दिन शे." आप्पांना एवढाच वाढदिवस माहीत.

हे ऐकून मला फार लागलं. ते रागावले नव्हते, तक्रारही करत नव्हते. पण ज्या माणसाने मला मागची पानं वाचायला शिकवलं, त्याच्याच बाबतीत मी पहिलं पानसुद्धा नीट वाचलं नव्हतं. तेव्हाच ठरवलं की पुढच्या आखाजीला त्यांना त्यांच्या दिवशी शुभेच्छा द्यायच्या.

आता अडचण अशी आहे की गेल्या श्रावणात आप्पांची आई गेली. येत्या ३० एप्रिलला, बुधवारी आखाजी आहे, ती आई गेल्यानंतरची पहिली. आप्पा गावी जाणार. पितरांच्या नावाने घागर भरणार, वर खरबूज, सांजोऱ्या, आंबे ठेवणार, आगारी (विस्तवावर पितरांचा घास) टाकणार, आणि या वेळी त्यात आईचं नाव असणार. ज्या माउलीने तो दिवस त्यांना दिला, तिच्याच नावाने त्या दिवशी पाणी. अशा दिवशी 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' म्हणावं का, हेच मला कळत नाही. आणि पुढची आखाजी येईपर्यंत थांबताही येत नाही, कारण ३१ मेला आप्पा निवृत्त होत आहेत. ३१ मेला शनिवार आहे, म्हणून निरोप समारंभ शुक्रवारी ३० तारखेला ठेवला आहे.

मी लिहून पाहिलं, ते इथे देतो.

पहिला मसुदा: 'आदरणीय आप्पा, वाढदिवसानिमित्त आपले अभीष्टचिंतन. आपली उत्तरोत्तर प्रगती होवो.' हा लगेच खोडला. महिन्याभरात निवृत्त होणाऱ्या माणसाला कोणती प्रगती चिंतायची? हेच वाक्य मी चोवीस वर्षांच्या शिकाऊ मुलालाही पाठवलं होतं.

दुसरा: 'आप्पा, आज आई असत्या तर त्यांनी पहिली सांजोरी तुमच्या हातावर ठेवली असती.' हा लिहिताना माझेच डोळे भरले, म्हणून बरा वाटला. दुसऱ्या दिवशी वाचल्यावर वाटलं की ही त्यांची आठवण आहे. मी ती त्यांनाच परत कशी पाठवू?

तिसरा अहिराणीत: 'आप्पा, तुम्हले वाढदिवसन्या खूप खूप शुभेच्छा.' मी फैजपूरकडचा, आमच्या घरी लेवा बोली. अहिराणी कळते, थोडी बोलताही येते, पण माझ्या तोंडून ती नक्कल केल्यासारखी वाटेल अशी भीती आहे.

तर विचारायचं ते एवढंच. आखाजीच्या दिवशी शुभेच्छा द्याव्यात का? आईचा उल्लेख करावा का? ग्रुपवर की फक्त त्यांना? आणि कोणत्या बोलीत? धुळे-नंदुरबारकडच्या मंडळींनी जरूर सांगावं, कारण तिकडच्या रीती मला घरच्यासारख्या माहीत नाहीत.

प्रतिसाद: पांझराकाठ

दादा, मी धुळे जिल्ह्यातली. आमच्याकडे माणूस गेल्यानंतरचा पहिला सण दुःखाचाच धरतात. भाऊबंद येऊन बसतात, लेकी माहेरी येतात त्याही झोक्यावर बसायला नाही, आईला आठवायला. त्या दिवशी सकाळी फोन वाजून कोणी 'शुभेच्छा' म्हटलं तर आप्पा रागावणार नाहीत, पण शेजारी बसलेल्यांसमोर त्यांना अवघडल्यासारखं होईल. ग्रुपवर तर मुळीच नको. एकाने टाकलं की मागोमाग वीस केक येतील, आणि इकडे घरात घागर पूजलेली.

पण गप्पही राहू नका. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी १ मे आहे, झेंडावंदनाला आप्पा येतीलच. तिथे बाजूला घेऊन बोला. लिहूच नका. आणि अहिराणीची भीती अजिबात बाळगू नका. आम्ही ती बोलतो, लिहिताना प्रत्येक जण वेगळी लिहितो, म्हणून लिहिलेली वाचताना थोडी परकी वाटते. बोललेली वाटत नाही. 'आप्पा, काल तुम्हना दिन व्हता, माले याद शे.' एवढं म्हणा. उच्चार चुकला तर आप्पा सुधारतील, आणि सुधारताना त्यांना बरंच वाटेल.

प्रतिसाद: निवृत्त मुख्याध्यापक

तुम्ही 'मास्तरांची तारीख' लिहिलंत. ती तारीख लिहिणाऱ्यांपैकी मी एक. जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी केली आणि सुरुवातीच्या वर्षांत कितीतरी मुलांपुढे १ जून लिहिली. त्यात निष्काळजीपणा नव्हता, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगतो.

जूनमध्ये शाळा उघडायची आणि पहिलीत घ्यायला मुलाला सहा वर्षं पूर्ण हवी. आम्ही दारोदार जाऊन पटनोंदणी करायचो. आई म्हणायची, पोळा झाला आणि हा झाला. कोणी म्हणायचं, थोरल्याच्या पाठचा, दुष्काळाच्या आधीचा. दाखलखारीज रजिस्टरला पोळा चालत नाही, त्याला दिवस, महिना आणि साल लागतं. मुलाच्या दातांवरून, उंचीवरून साल ठरवायचं आणि सहा पूर्ण व्हावीत म्हणून १ जून लिहायचं. नाहीतर ते मूल त्या वर्षी शाळेबाहेर राहिलं असतं. देशभर जन्ममृत्यू नोंदणी सक्तीची करणारा कायदाच १९६९ चा. त्याच्या आधी जन्मलेल्या सालदाराच्या पोराची नोंद शोधायची तरी कोणत्या गावात?

त्याच तारखेने पुढे त्यांची नोकरी मोजली. १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून ३१ मेला सगळ्या महाराष्ट्रात कार्यालयं रिकामी होतात. तुम्ही आस्थापनेत आहात, हे तुम्हाला माहीत असणार. जन्मतारीख बदलायची तर नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांत अर्ज करावा लागतो, हेही माहीत असेल. आप्पांनी तो केला नाही, कारण 'आखाजी' हा पुरावा कुठल्याच टेबलावर चालला नसता.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: तारखेचा हट्ट धरू नका. आखाजी वैशाख शुद्ध तृतीयेची, ती सरकते. गेल्या वर्षी १० मेला होती, यंदा ३० एप्रिलला. बरोबर १९ वर्षांपूर्वी, २००६ साली, ती ३० एप्रिललाच होती, कारण तिथी आणि तारीख साधारण तेवढ्या वर्षांनी पुन्हा जवळ येतात. एवढा सरकणारा दिवस एक दिवस पुढे गेला तर काही बिघडत नाही. ताईंचं १ मेचं म्हणणं मला पटतं.

आणि दुसरा मसुदा खोडलात ते योग्यच केलंत. आईचं नाव आप्पांनी काढू द्या. त्यांनी काढलं तर ऐका.

प्रतिसाद: सातपुड्याच्या पायथ्याशी

थोडं वेगळं सांगतो. मी धडगावकडचा, घरी पावरी बोलतो, नोकरी शहादा भागात. आमच्या कार्यालयातही असाच साचा येतो. माझ्या नावाखाली तीच फुलं, तीच देवी, तेच उत्तरोत्तर. मला राग नाही येत, पण वाचतही नाही. एकदा मात्र एका मॅडमनी फक्त एवढं लिहिलं होतं, 'तुम्ही मागच्या पावसाळ्यात माझी फाइल स्वतः गाडीवर घेऊन तळोद्याला पोचवली होती. आज तुमचा दिवस, म्हणून आठवण झाली.' तो निरोप मी अजून ठेवला आहे.

तुम्हीही आप्पांना त्यांनी तुमच्यासाठी केलेली एक गोष्ट सांगा. टिपणीची सांगा. ती तुमची आणि त्यांची आहे, तिथे तुम्हाला परकं वाटायचं कारण नाही. आणि जमलं तर बाकीच्या चौघांनाही विचारा, त्यांच्या घरी कोणता दिवस सांगतात ते.

धागाकर्ता, २ मे

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, सर, दादा, तिघांचंही ऐकलं.

आखाजीला काहीच पाठवलं नाही. संध्याकाळी फोन हातात घेतला होता, पण ठेवून दिला. काल झेंडावंदनाला आप्पा आले. डोक्यावर टोपी, हातात स्टीलचा डबा. राष्ट्रगीत झालं, साहेबांचं भाषण झालं, मंडळी चहाकडे वळली तेव्हा मी त्यांना कडुनिंबाखाली थांबवलं. शब्द आठवणीत पक्के केले होते, तरी अडखळलो. "आप्पा, काल तुम्हना दिन व्हता. माले याद शे." ते काही बोलले नाहीत. मग मी मराठीत सांगितलं की गेल्या वर्षी मी न विचारता तारीख टाकली, त्याबद्दल वाईट वाटतं, आणि मागची पानं वाचायला तुम्ही शिकवलं ते मी रोज करतो.

त्यांनी डबा उघडला. आत सांजोऱ्या होत्या. म्हणाले, यंदा बायकोने केल्या, पहिली कोणाच्या हातावर ठेवायची ते घरात कोणालाच कळेना, शेवटी नातवाच्या हातावर ठेवली. मग एक माझ्या हातावर ठेवली. आईबद्दल ते स्वतःच बोलले, बराच वेळ. मी ऐकलं. ते इथे लिहीत नाही.

बाकी चौघांपैकी दोघांना विचारून झालं. एकाची आई सांगायची, भुलाबाईच्या दिवसांत, कोजागरीच्या आसपास. दुसऱ्या मावशींना काहीच माहीत नाही, त्या म्हणाल्या, १ जूनच राहू दे, मला ती आवडते. त्यांची १ जून ठेवली. यादीत आता तारखेपुढे एक रिकामा रकाना केला आहे, 'घरचा दिवस' म्हणून. साचा काढून टाकला.

एक शेवटची मदत हवी आहे. ३० मेच्या समारंभासाठी मानपत्र मलाच लिहायचं आहे. पहिल्या ओळीत जन्म लिहायची पद्धत आहे. सरकारी कागद नाही तो, वाचून हातात द्यायचा आहे. 'जन्म: आखाजी, नव्या मालकाच्या खळ्यावर' असं लिहिलं तर चालेल का? की आधी आप्पांना विचारू? सर, तुमचं मत जरूर कळवा.

प्रतिसाद: निवृत्त मुख्याध्यापक

आधी विचारा. हो म्हणाले तर 'आखाजी' लिहा. खळं लिहायचं की नाही, ते त्यांना ठरवू द्या.