नळ नाही, वीज नाही: मंडळासाठी प्रेशर वॉशर कोणता घ्यायचा?

प्रेषक: अनघा (भांडार)

नमस्कार मंडळी,

कार्यकारिणीत ठरल्याप्रमाणे प्रेशर वॉशर, म्हणजे दाबानं पाण्याची धार मारून धुणारं यंत्र, घ्यायचा विषय आपल्या ब्रिटनमधल्या मंडळाच्या ईमेल-यादीवर टाकते आहे. आपलं सामान ज्या लॉक-अप गॅरेजमध्ये असतं तिथं ना नळ आहे ना विजेचा प्लग. उन्हाळी सहलीहून गझीबो (कापडी छताचे मंडप), ताडपत्र्या आणि खुर्च्या चिखलासकट आत जातात. गणपतीच्या आदल्या आठवड्यात बाहेर काढल्या की शिवणींवर बुरशीचे काळे ठिपके दिसतात. मग ठरलेली दोन-तीन घरं ते सगळं आपल्या अंगणात नेऊन धुतात. हा भार त्याच त्याच लोकांवर टाकणं मला पटत नाही.

याशिवाय ट्रेलर आहे, विसर्जनाचं पिंप आहे, आणि मिरवणुकीनंतर शाळेच्या पटांगणावर उरणारा गुलाल आहे. तिथंही बाहेर नळ नाही. खर्चाची मर्यादा दोनशे पौंड. ज्यांनी वापरलाय त्यांनी कृपया लिहा.

अनघा

---

प्रेषक: रोहित

अनघाताई, पेट्रोलवरचा जुना, चांगल्या स्थितीतला घेऊ या का? त्याला विजेची गरज नाही आणि ताकदही भरपूर. बॅटरीवाल्यांमध्ये मला ऑनलाइन एक दिसला, दाब १००० पीएसआय लिहिलाय, दोन छोट्या बॅटऱ्या सोबत, ५० पौंडांच्या आत. नाव ओळखीचं नाही, पण आकडा तगडा आहे. हे दोन्ही पर्याय चर्चेत असावेत.

रोहित

---

प्रेषक: सुधीर

अनघा, रोहित आणि सर्वांना सप्रेम नमस्कार.

रोहित, ताकद हवी हे बरोबरच. पण जिथं नळ नाही तिथं ताकदीची किंमत पाण्यात मोजावी लागते, आणि ते पाणी आपल्यालाच वाहून न्यायचं आहे. म्हणून हिशोब पाण्यापासून सुरू करू.

जाहिरातीत दाब तेवढा मोठ्या अक्षरांत असतो, बारमध्ये नाहीतर पीएसआयमध्ये. एक बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय. पण मळ निघतो तो दाब आणि मिनिटाला किती लिटर पाणी पडतं या दोन्हींच्या जोरावर. बारला लिटर-प्रतिमिनिटानं गुणा आणि ६०० नं भागा, की पाण्याची ताकद किलोवॉटमध्ये येते. घरच्या विजेवर चालणारा साधा वॉशर ११० बार आणि साडेपाच लिटर धरला तर जवळजवळ १ किलोवॉट. वर्क्स हायड्रोशॉटसारखी हातात धरायची बॅटरीवरची गन २२ बार, २ लिटर: ७३ वॉट. केर्शरचा ओसी ३, तो ४ लिटरच्या टाकीचा छोटा डबा, ५ बार आणि २ लिटर: १७ वॉट. हे सगळे कमाल आकडे आहेत, प्रत्यक्षात थोडं कमीच मिळतं. तरी फरक लक्षात येईल. घरच्या यंत्राची ताकद गनच्या चौदापट आणि गनची त्या डब्याच्या चौपट. दुकानात मात्र तिन्ही एकाच फळीवर ठेवलेले असतात.

आता पाणी बघा. घरच्या विजेवरचं यंत्र अर्ध्या तासात १६५ लिटर पाणी ओढतं, म्हणजे १६५ किलो. २० लिटरचे आठ कॅन डिकीत भरले तरी पुरणार नाहीत. पेट्रोलवरची यंत्रं बहुधा याहूनही तहानलेली असतात. पाण्याविना ती चालवली तर पंपाची सीलं जातात. गनला अर्ध्या तासाला ६० लिटर लागतं, म्हणजे तीन कॅन. चाप सोडला की पाणी थांबतं, त्यामुळे खरा खर्च त्याहून कमी.

बॅटरीचंही असंच गणित. १८ व्होल्ट, ४ अँपिअर-तास म्हणजे ७२ वॉट-तास. मोटर आणि पंपातली गळती धरून गन २०० वॉट खाते असं समजलं, तर वीस-बावीस मिनिटं. तेवढ्यात ४० लिटर पाणी जातं. एक बॅटरी, दोन कॅन. दोन्ही साधारण एकाच वेळी संपतात, त्यामुळे काम आखायला सोपं जातं.

रोहितनं पाहिलेला १००० पीएसआयचा दावा याच सूत्रात घालू. १००० पीएसआय म्हणजे ६९ बार. मिनिटाला ४ लिटर धरले तर ४६० वॉट. सोबतची छोटी बॅटरी ४० वॉट-तासांची असेल, तर यंत्रात काहीच वाया गेलं नाही असं मानूनही ती पाच मिनिटांत रिकामी होईल. एकतर दाब तेवढा नाही, नाहीतर धार सुईएवढी आहे. शिवाय अनोळखी छापाचा लिथियम बॅटरीचा चार्जर कुणाच्या घरी रात्रभर लावून ठेवायचा, हे मला मुळीच मान्य नाही. मंडळाच्या वस्तूनं सभासदाच्या घरी आग लागता कामा नये.

माझं मत: २० ते २५ बारची, बाहेरच्या भांड्यातून पाणी खेचणारी, नावाजलेल्या कंपनीची गन. सभासदांपैकी कोणाकडे ड्रिलची १८ व्होल्टची बॅटरी आहे ते आधी विचारा, कारण किमतीचा मोठा भाग बॅटरी-चार्जरचाच असतो. एक खबरदारी: बॉशची हिरवी आणि निळी हत्यारं दोन्ही १८ व्होल्टची असली तरी बॅटऱ्या एकमेकांना बसत नाहीत.

सुधीर

---

प्रेषक: मुग्धा

सुधीरकाका, तुमचा हिशोब वाचून बरं वाटलं. आमच्या अलॉटमेंटवर (भाजी लावायला भाड्यानं मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्यावर) नळी लावायला मनाई आहे, पाणी घ्यायचं ते हौदातून बादलीनं. तिथं मी अशीच गन वापरते, काचघर आणि कुंड्या धुवायला. माझं माहेर निफाडचं. द्राक्षबागेत पाण्याच्या टाकीत नळी सोडून औषध फवारणीचा एचटीपी पंप चालवतात, आणि त्याच पंपानं घरची ट्रॅक्टर-गाडीही धुतात. गनचं तत्त्व तेच आहे, फक्त आकार लहान.

तोटी मी सहसा १५ अंशांची, म्हणजे धार तेवढ्या कोनात पसरवणारी, लावते. शून्य अंशाची धार ताडपत्री चिरू शकते, ती गनसोबत आलीच तर काढूनच ठेवा.

खरी कटकट खेचण्याच्या नळीची. ती कॅनच्या तळाला टेकली की गाळ ओढते, वर तरंगली की हवा ओढते. हवा ओढली की गनचा आवाज चढतो, घर्रर्र होतं आणि पाणी धारेऐवजी थुंकल्यासारखं तुटक येतं. तेव्हा चाप लगेच सोडायचा. नळीच्या टोकाच्या गाळणीला मी एक लहानसा दगड बांधते आणि गाळणी तळापासून चार बोटं वर राहील अशी नळी झाकणाला अडकवते. सुरू करण्याआधी नळी पाण्यात बुडवून भरून घ्यायची. आणि कॅन जमिनीवर ठेवू नका, ट्रेलरच्या फळीवर ठेवा. पंपाला पाणी वर ओढायला जेवढं कमी लागेल तेवढी धार चांगली.

अनघा, गझीबोच्या कापडाला मात्र जवळून धार मारू नका, कितीही मोह झाला तरी. कापडाला आतून पाणी अडवणारा लेप असतो आणि शिवणींवर पट्टी चिकटवलेली असते. जवळून मारलेली धार ती पट्टी उचलते, आणि मग ऐन महाप्रसादाच्या वेळी पाऊस आला की पंगतीवर थेंब पडतात. कापडाला कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रश. धारेचं काम ताडपत्र्या, खुर्च्या, ट्रेलर आणि गझीबोच्या पायांचं.

खुर्च्यांवर आधी हातपंपाच्या फवाऱ्यानं साबणपाणी मारून दहा मिनिटं मुरू द्या. फवारा नवा आणा, तणनाशकाला वापरलेला अजिबात नको. मळ भिजला की २२ बार पुरतात. कोरड्या चिखलावर थेट धार मारणं म्हणजे पाण्याची नासाडी.

बुरशी धुण्यापेक्षा वाळवण्यानं थांबते. ओलं कापड घडी घालून ठेवलं तर कोणतंही यंत्र कामाचं नाही.

मुग्धा

---

प्रेषक: केतन

सुधीरकाकांनी ज्याला छोटा डबा म्हटलं तो माझ्याकडे आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला तो फार सोयीचा. सायकलची चाकं, बाबागाडी, मुलीचे चिखलाचे बूट, कुत्र्याचे पाय, सगळं ४ लिटरमध्ये उरकतं. सलग सोडलं तर टाकी दोन मिनिटांत रिकामी होते. मंडळाच्या खुर्च्यांना तो पुरणार नाही. गन घेतल्यावर ज्यांना सायकलसाठी हवी असेल त्यांनी चाकाच्या आसाकडे, दोन पेडलांमधल्या आसाकडे आणि पुढच्या फोर्ककडे धार रोखू नये. पाणी बेअरिंगमधलं ग्रीस काढून टाकतं आणि ते महिन्याभरानं कळतं.

बॉश फॉन्टस कोणी विचारात घेतला का? त्याला स्वतःची १५ लिटरची टाकी आणि चाकं आहेत, २० बार दाब आहे, नळीचा त्रास नाही.

केतन

---

प्रेषक: सुधीर

केतन, फॉन्टस चांगला आहे आणि ज्यांच्याकडे लिफ्ट व पार्किंग आहे त्यांनी घरासाठी जरूर बघावा. पण भरलेल्या टाकीचं १५ किलो आणि वर यंत्राचं वजन गॅरेजसमोरच्या खडीवरून ओढायचं, आणि टाकी संपली की भरायला कॅन लागणारच. कॅन न्यायचेच आहेत तर गन हलकी पडते.

सुधीर

---

प्रेषक: अनघा (भांडार)

सर्वांचे मनापासून आभार. दोन प्रश्न उरले. गुलाल आणि विसर्जनाचं पिंप यांना ही गन चालेल का? आणि २०२२ आणि २०२५ सारखी होजपाइप बंदी (पाणीटंचाईत बागेची नळी वापरायला मनाई) लागली तर?

अनघा

---

प्रेषक: मुग्धा

गुलालाला पहिलं पाणी लावायचंच नाही. कोरडा असताना मोठ्या झाडूनं गोळा करून पिशवीत भरायचा. ओला केला की रंग काँक्रीटच्या छिद्रांत उतरतो आणि मग २२ बार काय, १०० बारांनाही दाद देत नाही. झाडून उरलेल्या फिकट डागांवर गन चालवा. पावसाच्या पाण्याच्या जाळीकडे हे पाणी जाऊ देऊ नका, ती गटारं बहुतेक ठिकाणी थेट ओढ्या-नदीला जातात. साबणाचंही तसंच. धुवायला गवताच्या कडेची जागा निवडा.

पिंपातली शाडू माती विरघळली की दोन दिवस निवळू द्या, वरचं पाणी झाडांना घाला, खालची माती बादलीत काढा. मग स्वच्छ पाण्याच्या कॅनमधून गन लावून पिंप आतून धुवा. पिंपातलंच गढूळ पाणी खेचून वापरू नका, शाडूचे कण गाळणीतूनही जातात आणि पंप झिजवतात. त्या धुण्याचं पाणीही बागेतच जावं. बाप्पाची माती आहे, ती गटारात सांडू नये असं मला वाटतं.

बंदीचं म्हणाल तर ती नळाच्या पाण्यावर चालणाऱ्या नळीवर असते. पिंपात साठवलेलं पावसाचं पाणी कॅननं नेऊन वापरायला हरकत नसते. आमच्याकडे गच्चीच्या पन्हाळीला पिंप लावलंय, त्यातलं पाणी मी देईन. कापडातून गाळून भरा, शेवाळ फार असतं.

मुग्धा

---

प्रेषक: सुधीर

दोन सूचना, खरेदीच्या आधीच लिहून ठेवतो.

थंडीत पंपात राहिलेलं पाणी गोठलं की पंपाचं प्लास्टिक फुटतं. काम झालं की नळी कॅनमधून काढून काही सेकंद चाप दाबून पाणी बाहेर काढा. ऑक्टोबरनंतर गन आणि बॅटरी कुणाच्या तरी घरात ठेवा, गॅरेजमध्ये नको. शून्याखाली थंड झालेली लिथियम बॅटरी चार्ज करू नये, आधी घरात ऊबदार होऊ द्यावी. टाकीत वा कॅनमध्ये आठवडे पाणी साठवून ठेवू नका.

आणि मुलं. स्वच्छतेच्या दिवशी मुलं मदतीला येतात, त्यांना गनचं आकर्षण वाटणारच. गन कुणाच्याही हातापायावर रोखू द्यायची नाही. जवळून आलेली धार कातडीत पाणी घुसवू शकते. वरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत बोट सुजत जातं. तसं झालंच तर घरी थांबून न बघता थेट ए अँड ई (रुग्णालयाचा तातडीचा विभाग) गाठायचं. चाप मोठ्यांच्या हाती, ब्रश मुलांच्या हाती.

सुधीर

---

प्रेषक: अनघा (भांडार)

ठरलं तर मग. २२ बारच्या आसपासची गन, ४ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या, २० लिटरचे तीन कॅन, हातपंपाचा एक फवारा आणि दोन मऊ ब्रश. रोहितनं बिलं गोळा करायची आणि गन स्वतःच्या घरी ठेवायची तयारी दाखवली आहे, त्याचे आभार. ज्यांच्याकडे ड्रिलची १८ व्होल्टची बॅटरी आहे त्यांनी मला कंपनीचं नाव आणि रंग कळवा, म्हणजे एक बॅटरी कमी घेता येईल.

पहिली धुलाई येत्या शनिवारी सकाळी १० वाजता, गॅरेजसमोर. मुग्धाताई पाणी देणार आहेत, ते आणायला मोठ्या डिकीची एक गाडी हवी आहे. कापड दिवसभर वाळत घालायचं आहे, त्यामुळे दोरी आणि चिमटे असतील ते घेऊन या. डबा आपापला आणा, चहा माझ्याकडे.

अनघा