मदत हवी आहे: डेबियनवर आवाजाचा ड्रायव्हर बसत नाही, शनिवारी क्लास आहे

गांधार_मिरज
लॅपटॉपमधून आवाज अजिबात येत नाही. लिनक्सचं डेबियन आहे. आवाजाच्या सेटिंगमध्ये फक्त "डमी आउटपुट" दिसतं, दुसरं काही निवडायलाच नाही. नेटवर शोधून लिनक्सचा ऑडिओ ड्रायव्हर म्हणून एक टारबॉल, म्हणजे सोर्स कोडची गुंडाळलेली फाइल, उतरवला. त्यातलं कॉन्फिगर चाललं, पण मेक केलं (सोर्सपासून प्रोग्रॅम बांधायला घेतला) की एररची रांग लागते आणि थांबतं. दुसरीकडून उतरवला, तेच.

मी हार्मोनियम शिकवते. शनिवारी सकाळी परदेशातल्या मुलांचा ऑनलाइन क्लास असतो. मोबाइलवर घेऊन पाहिला, पण पट्ट्यांवरची बोटं आणि चेहरा दोन्ही एकदम दिसत नाही, मुलं गोंधळतात. "विंडोज टाका" सोडून काहीही सांगा. ड्रायव्हर नक्की कुठे मिळेल?

पुदिना_चहा
ताई, लिनक्स मिंट २२ टाका. माझ्या तिन्ही मशीनवर आवाज, वायफाय, प्रिंटर सगळं पहिल्या बूटला चालू झालं. डेबियन सर्व्हरसाठी ठीक आहे, घरच्या लॅपटॉपला कशाला?

खटपट्या_सातारा
ओएस बदलण्याआधी बिघाड कुठे आहे ते तर कळू दे. गांधारताई, डेबियन कितवं? डेस्कटॉप कुठला? प्रोसेसर इंटेल की एएमडी, आणि कितव्या पिढीचा? टर्मिनलमध्ये "एलएसपीसीआय -एनएनके" चालवा, त्यात ऑडिओ लिहिलेल्या ओळीखालच्या दोनतीन ओळी इथे टाका. "एप्ले -एल" काय म्हणतं तेही टाका. आणि त्या टारबॉलचं "मेक इन्स्टॉल" कुठवर गेलं होतं? अर्धवट मॉड्यूल बसली असतील तर आधी ती काढावी लागतील.

गांधार_मिरज
डेबियन १२, एक्सएफसीई. इंटेल आय५. मेक इन्स्टॉलपर्यंत गेलेच नाही, मेकलाच अडलं. आधी आवाज व्यवस्थित यायचा, मी काहीच बदललेलं नाही.

लहर_४८०००
एक्सएफसीई म्हणजे प्रोग्रॅमांचा आवाज कार्डाकडे नेणारं सॉफ्टवेअर अजून पल्सऑडिओच असणार. ते काढून त्याच कामाचं नवं पाइपवायर टाका. फेडोराने २०२१ सालीच ३४व्या आवृत्तीत पाइपवायर डीफॉल्ट केलं, उबुंटूने २२.१० मध्ये. संगीतासाठी तर पाइपवायरच हवं, लेटन्सी (आवाजाला लागणारा उशीर) कमी, जॅक ह्या संगीतवाल्यांच्या ऑडिओ सिस्टिमचे प्रोग्रॅमही त्यावर चालतात. माझ्याकडे ते टाकल्यापासून सगळे प्रश्न मिटले.

खटपट्या_सातारा
टाकीत पाणी नसताना नळ बदलून काय उपयोग? पल्स असो वा पाइपवायर, दोन्ही अल्साकडून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या (कर्नलमधल्या) आवाजाच्या भागाकडून, कार्ड घेतात. अल्सालाच कार्ड दिसत नसेल तर तिथेही डमी आउटपुटच येईल. ताईंना "एप्ले -एल" टाकू द्या.

लहर_४८०००
नळ बदलायला सांगत नाहीये, संगीताच्या माणसाने आज ना उद्या तिकडे जायचंच आहे, तर आत्ताच जावं. असो.

गांधार_मिरज
"एप्ले -एल": नो साउंडकार्ड्स फाउंड.
दुसऱ्यात असं आलं: मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर, इंटेल, टायगर लेक-एलपी स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी, ८०८६:ए०सी८. कर्नल ड्रायव्हर इन यूज: सोफ-ऑडिओ-पीसीआय-इंटेल-टीजीएल.
म्हणजे ड्रायव्हर नाहीच ना?

कर्नल_कट्टा
उलट आहे. ड्रायव्हर आहे आणि तो तुमच्या कार्डाला चिकटलेलाही आहे, शेवटची ओळ तेच सांगते. लिनक्समध्ये आवाजाचे ड्रायव्हर कर्नलच्या आत येतात, बाहेरून आणून बसवायचे नसतात. असले टारबॉल बहुतेक जुन्या अल्साचे असतात, ६.१ कर्नलवर ते बांधले जाणारच नाहीत. ते दोन्ही डिलीट करा.

टायगर लेक म्हणजे ११वी पिढी. ह्या लॅपटॉपमध्ये ऑडिओसाठी चिपच्या आत वेगळा डीएसपी, म्हणजे आवाजावर काम करणारा छोटा प्रोसेसर, असतो, आणि झाकणातले डिजिटल मायक्रोफोन थेट त्याला जोडलेले असतात. ड्रायव्हर उठला की त्या डीएसपीत एक छोटा प्रोग्रॅम भरतो, तेच फर्मवेअर. ती फाइल डिस्कवर नसेल तर डीएसपी उठत नाही, कार्ड तयार होत नाही, आणि वरती डमी आउटपुट उरतं. खात्रीसाठी कर्नलच्या नोंदींतल्या सोफच्या (ह्या डीएसपीच्या ड्रायव्हर-फर्मवेअरच्या) ओळी बघा, हे चालवा: "सुडो डीमेसेज | ग्रेप -आय सोफ". "फेल्ड विथ एरर -२" आलं तर फाइल सापडली नाही असा त्याचा अर्थ.

जुनी_तबकडी
२.४ कर्नलच्या काळात आम्ही ओएसएस ह्या अल्साच्या आधीच्या ऑडिओ सिस्टिमवर गाणी ऐकायचो. एका वेळी एकच प्रोग्रॅम कार्ड धरायचा, ब्राउझर उघडा राहिला की प्लेअर गप्प. डिसेंबर २००३ मध्ये २.६ आला आणि अल्सा कर्नलात आलं तेव्हा केवढा आनंद झाला होता! त्या वेळी साउंड ब्लास्टरची कार्डं बिनधास्त चालायची, हे डीएसपी-फर्मवेअर प्रकरणच नव्हतं. लॅपटॉपवाल्यांनी गुंतागुंत वाढवून ठेवली आहे.

रेटून_चालवा
एवढं पुराण कशाला. इटीसीमधल्या मॉडप्रोब डॉट डी फोल्डरात आवाज.कॉन्फ नावाची फाइल करा (कॉन्फ इंग्रजीत), आत ही एकच ओळ:
ऑप्शन्स एसएनडी-इंटेल-डीएसपीसीएफजी डीएसपी_ड्रायव्हर=१
रीस्टार्ट. झालं. डीएसपीला बगल देऊन जुना एचडीए ड्रायव्हर चालतो. माझा लॅपटॉप असाच चालतोय.

कर्नल_कट्टा
त्यांना क्लास घ्यायचा आहे. जुन्या ड्रायव्हरला झाकणातला डिजिटल माइक दिसत नाही. स्पीकर वाजेल, माइक जाईल. थोडं थांबा, डीमेसेज येऊ द्या.

गांधार_मिरज
रेटूनदादांची ओळ टाकली, आवाज आला!! खूप आभार. मनापासून.
पण मीटिंगमध्ये माइक दिसत नाही. निवडायला नावच नाही.
डीमेसेज ओळ टाकायच्या आधीच कॉपी करून ठेवलं होतं: डायरेक्ट फर्मवेअर लोड फॉर इंटेल/सोफ/सोफ-टीजीएल.आरआय फेल्ड विथ एरर -२.

रेटून_चालवा
माइकसाठी साधं यूएसबी साउंड कार्ड घ्या, दोनतीनशे रुपयांत मिळतं. त्याला फर्मवेअर वगैरे काही लागत नाही, कर्नलचा यूएसबी ऑडिओ ड्रायव्हर आपोआप उचलतो. कॉलर माइक त्यात खोचा. हार्मोनियमला तसाही झाकणातला माइक चांगला नाही.

कर्नल_कट्टा
यूएसबीचा सल्ला चुकीचा नाही, पण आतलं हार्डवेअर धड असताना ते बंद का ठेवायचं? एरर -२ आला, कारण मिळालं.
सुडो एप्ट इन्स्टॉल फर्मवेअर-सोफ-साइन्ड
पॅकेज बसलं की ती मॉडप्रोबची फाइल काढून रीस्टार्ट करा. फाइल तशीच राहिली तर फर्मवेअर असूनही डीएसपीला बगलच दिली जाईल.

गांधार_मिरज
अनेबल टू लोकेट पॅकेज.

पुदिना_चहा
म्हणून म्हटलं होतं मिंट. निदान पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघा, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. तिथे आवाज-माइक दोन्ही चालले तर हार्डवेअर चांगलं आहे एवढी तरी खात्री होईल.

खटपट्या_सातारा
लाइव्हवर तपासायचा सल्ला चांगला आहे, पण कारण सापडलेलं आहे. ताई, एप्टची सोर्सेस डॉट लिस्ट (पॅकेज कुठून घ्यायची ती यादी) उघडून ओळी इथे टाका. आणि वायफाय चालतंय का? आधी आवाज यायचा म्हणालात, तो ह्याच लॅपटॉपवर?

गांधार_मिरज
ओळींच्या शेवटी सगळीकडे "बुकवर्म मेन कॉन्ट्रिब नॉन-फ्री" आहे, सिक्युरिटी आणि अपडेट्सच्या ओळींतही तेच.
वायफाय चालत नाही, मोबाइल केबलने जोडून नेट घेते. पण त्याचा आवाजाशी काय संबंध?
लॅपटॉप दिवाळीत घेतला, सेकंडहँड. जुन्याचं बिजागर तुटलं होतं. जुन्यातली एसएसडी भाच्याने काढून ह्यात बसवली. डेबियन तेच, फाइली त्याच, म्हणून काही बदललं नाही म्हटलं. ११ वरून १२ सुद्धा जुन्या लॅपटॉपवरच केलं होतं.

खटपट्या_सातारा
बघा, सगळं इथे होतं. डिस्क तीच, पण खालचं मशीन बदललं. जुन्या लॅपटॉपचा आवाज साध्या एचडीए ड्रायव्हरवर चालायचा, त्याला सोफ फर्मवेअर लागत नव्हतं, म्हणून ते पॅकेज कधी बसलंच नाही. वायफायचंही तसंच असणार. अथेरॉस कंपनीची काही जुनी वायफाय कार्डं फर्मवेअर मागत नाहीत, ह्यातलं इंटेलचं कार्ड मागतं. लिनक्सची डिस्क उचलून दुसऱ्या मशीनमध्ये टाकली की ती सहसा बूट होते, हे फार चांगलं आहे, पण नव्या हार्डवेअरचं फर्मवेअर आपल्याला बघावं लागतं.

पॅकेज का सापडत नाही: डेबियन १२ मध्ये, म्हणजे जून २०२३ पासून, फर्मवेअर "नॉन-फ्री" मधून काढून "नॉन-फ्री-फर्मवेअर" नावाच्या वेगळ्या विभागात ठेवलं आहे. ११ वरून चढताना तुमच्या यादीत तो शब्द आलाच नाही. तिन्ही ओळींच्या शेवटी तो जोडा, मग:
सुडो एप्ट अपडेट
सुडो एप्ट इन्स्टॉल फर्मवेअर-सोफ-साइन्ड फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय
मग मॉडप्रोबमधली ती फाइल काढा. रीस्टार्ट न करता पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा.

मुक्त_वाट
इथे सगळे डोळे मिटून नॉन-फ्री, म्हणजे मुक्त नसलेलं, टाकायला सांगत आहेत. सोफचा सोर्स बीएसडी परवान्याखाली खुला आहे. मग स्वतः बांधलेलं फर्मवेअर का चालत नाही? कारण बाजारात मिळणाऱ्या बहुतेक लॅपटॉपवर इंटेलच्या किल्लीने सही केलेलंच फर्मवेअर चिप स्वीकारते. पॅकेजच्या नावात "साइन्ड" त्यासाठीच आहे. ताईंना अडवत नाही, पण आपण काय मान्य करतोय हे माहीत असावं.

कर्नल_कट्टा
मुद्दा बरोबर आहे. डेबियनमध्येही ह्यावर २०२२ मध्ये मतदान झालं आणि फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरलं. ज्याला वायफाय नाही तो वायफायचं फर्मवेअर कुठून उतरवणार, हा प्रश्न खराच होता. वेगळा धागा काढा, मी येतो.

षड्ज_पंचम
ड्रायव्हरमधलं कळत नाही, पण तबल्याचे ऑनलाइन क्लास घेतो म्हणून सांगतो. माइक चालू झाला तरी पुढे एक अडचण येणार. झूम वगैरे सतत चालणारा सूर म्हणजे पंख्याची घरघर समजतात आणि कापतात. तानपुरा दोनचार सेकंद येतो आणि विरतो. हार्मोनियमवर सा धरून ठेवलात तर मध्येच खाली जातो, विद्यार्थ्याला वाटतं बाईंनी भाता सोडला. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये "ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स" आहे, ते चालू करा, आणि मीटिंग सुरू झाल्यावर वरच्या कोपऱ्यात ते लागलंय ना बघा. मग हेडफोन मात्र लावावाच लागतो, नाहीतर मुलांचा आवाज तुमच्या स्पीकरमधून माइकमध्ये जाऊन घुमतो. आणि माइक भात्याच्या बाजूला नको, हवेचा फुसफुसाट सुरांपेक्षा जास्त येतो.

लहर_४८०००
झूम नको, जमलं तर जॅमुलस बघा. वादकांनी एकत्र वाजवावं म्हणूनच बनवलेलं आहे, ओपन सोर्स.

षड्ज_पंचम
त्यात चित्र दिसत नाही हो. त्यांना बोटं दाखवायची आहेत.

गांधार_मिरज
झालं! वायफायही लागलं. "एप्ले -एल" मध्ये सोफ-एचडीए-डीएसपी नावाचं कार्ड आलं, माइकही निवडता येतो. खटपट्यादादा, कट्टादादा, खरंच आभार.
षड्जदादा, तुमचं लगेच करून पाहिलं. पुण्यातल्या विद्यार्थिनीला मीटिंगमध्ये घेऊन मंद्र पंचम धरला, तो आधी विरत होता, ते सेटिंग लावल्यावर शेवटपर्यंत गेला. इतके महिने मोबाइलवरही हेच होत असणार आणि मी मुलांना सूर टिकवून ऐका म्हणत होते.
एकच राहिलं. आवाज फार बारीक जातो. माइक सेटिंगमध्ये पूर्ण वर आहे तरी.

खटपट्या_सातारा
टर्मिनलमध्ये "अल्सामिक्सर". एफ६ दाबून सोफचं कार्ड निवडा, एफ४ ने कॅप्चर उघडा. तिथे डीमिक० (डिजिटल माइक) नावाचा खांब असेल, तो वरच्या बाणाने चढवा. एकदम शंभरवर नेऊ नका, हार्मोनियम जवळ असते, फाटेल. सत्तरच्या आसपास ठेवून विद्यार्थिनीला तार सप्तक ऐकवा आणि मग ठरवा.

नवखा_नाशिक
मलापण असंच होतंय, ब्लूटूथ हेडफोनला मीटिंगमध्ये आवाज टेलिफोनसारखा येतो. गाणी लावली की छान. मी पण नॉन-फ्री-फर्मवेअर टाकू का?

कर्नल_कट्टा
तुमचं वेगळं आहे. ब्लूटूथचा माइक चालू झाला की हेडफोन गाण्याच्या प्रोफाइलवरून कॉलच्या प्रोफाइलवर जातो आणि दर्जा उतरतो. आउटपुट हेडफोन ठेवा, इनपुटला लॅपटॉपचा माइक निवडा. तरी जमलं नाही तर नवीन धागा काढा, आणि त्यात डिस्ट्रो, आवृत्ती, हेडफोनचं मॉडेल आणि पल्स आहे की पाइपवायर ते पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.

लहर_४८०००
पाइपवायर असेल तर उत्तमच.