नवे जीपीएस घड्याळ: पंधरवड्याचा अनुभव आणि तीन शंका

प्रश्न (पहाटेचा धावक, नागपूर)

नमस्कार. मैदानी खेळांसाठीचे एक नवे जीपीएस घड्याळ मी पंधरा दिवसांपूर्वी घेतले आणि ते परत करण्याची मुदत येत्या रविवारी संपते. घड्याळाचे नाव मुद्दामच लिहीत नाही. ते बाजारात येऊन महिनाही झालेला नाही, आणि दोष त्याचा की माझ्या समजुतीचा हे ठरण्याआधी कोणाला नावे ठेवणे मला योग्य वाटत नाही.

आधी जे आवडले ते सांगतो. पडदा उजेड परावर्तित करणाऱ्या जातीचा असल्यामुळे भर दुपारच्या उन्हातही आकडे स्वच्छ दिसतात. पाच बटणे आहेत, त्यामुळे बोटे घामाने भिजली तरी काम अडत नाही. आठवड्यातून पाच दिवस तासभर धावूनही नवव्या दिवशी बॅटरी २० टक्के उरली होती.

आता शंका. पहिली अशी की छत्रपती चौकाकडून उज्ज्वलनगरकडे वर्धा रोडवर दुमजली पुलाखालून धावताना घड्याळ कधी किलोमीटरला चार मिनिटांचा वेग दाखवते, तर कधी नऊ मिनिटांचा. माझा वेग सहाच्या आसपास स्थिर असतो. नकाशावरची रेघ तर रस्त्याकडेच्या इमारतींतून जाते. दुसरी शंका उंचीची आहे. फुटाळा तलावाहून पहाटे सव्वापाचला निघून सातला परत त्याच जागी आलो, तरी घड्याळ मला निघालो त्यापेक्षा १० ते १२ मीटर खाली दाखवते, आणि घरी एकाच खुर्चीवर बसून सकाळी दहाला ३०६ व दुपारी चारला ३३८ मीटर अशी उंची मी वाचली आहे. तिसरी शंका नाडीची. सुरुवातीच्या दहा मिनिटांत, दम लागण्याआधीच, घड्याळ १७० ठोके दाखवते. हे घड्याळ ठेवावे की परत करावे?

उत्तर (वर्धा रोडकर)

भाऊ, पहिल्या शंकेपुरते सांगतो, कारण त्या पुलाखालून मी स्वतः अनेक वर्षे ये-जा करतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि त्यांचा संकेत आपल्यापर्यंत पोहोचेस्तोवर अतिशय क्षीण झालेला असतो. वर्धा रोडवर आपल्या डोक्यावर आधी उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रोचा मार्ग आहे. काँक्रीटची अशी दोन छते ओलांडून थेट संकेत खाली येत नाही; जो येतो तो आजूबाजूच्या इमारतींवर आपटून, वळसा घेऊन येतो. घड्याळ संकेताला लागलेल्या वेळेवरून अंतर मोजते, त्यामुळे वळशाचा वेळही अंतरात धरला जातो आणि तुमची जागा बाजूला सरकते.

तुमच्या घड्याळात दोन वारंवारितांची (फ्रिक्वेन्सींची) सोय असेल, तर जुन्या एल-१ संकेताबरोबर (१५७५.४२ मेगाहर्ट्झ) ते एल-५ (११७६.४५ मेगाहर्ट्झ) हा संकेतही घेते. एल-५ ची रचना दहापट बारीक असल्यामुळे थेट आलेला संकेत आणि आपटून आलेला संकेत यांतला फरक घड्याळाला चांगला ओळखता येतो. सिव्हिल लाइन्समधल्या मोठ्या झाडांखाली किंवा सीताबर्डीच्या दाट वस्तीत याचा खरा उपयोग होतो. मात्र पुलाखाली थेट संकेतच नसेल, तर ओळखायचे कशाला? तिथे भले महागडे घड्याळही चुकेल, म्हणून त्या रस्त्यावरून घड्याळाची परीक्षा घेऊ नये.

परीक्षा मोकळ्या आकाशाखाली घ्या. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात अगदी आतल्या पट्टीवरून २५ फेऱ्या मारल्या की १० किलोमीटर होतात. पट्टी मात्र बदलू नका, कारण बाहेरच्या प्रत्येक पट्टीला फेरीमागे सुमारे साडेसात मीटर वाढतात आणि लोक तो दोष घड्याळाच्या माथी मारतात. त्याआधी दोन गोष्टी तपासा. उपग्रहांची निवड ‘स्वयंचलित’वर ठेवलेली असेल, तर बॅटरी वाचवण्यासाठी घड्याळ आपणहून दुसरी वारंवारिता बंद करू शकते. दुसरे म्हणजे घड्याळ आदल्या रात्री फोनशी जोडून घ्या, म्हणजे उपग्रहांच्या कक्षांची ताजी माहिती त्यात उतरते. नाहीतर ती प्रत्येक उपग्रहाकडून थेट घ्यायला साधारण अर्धा मिनिट आणि झाडाखाली त्याहूनही जास्त वेळ लागतो. आपण तेवढे थांबत नाही आणि पहिला किलोमीटर वाया जातो.

उत्तर (डोंगरवाटा)

उंचीच्या शंकेवर मी जरा सविस्तर लिहितो, कारण यात घड्याळ खोटे बोलत नसून हवा खरे बोलते आहे.

तुमचे घड्याळ उंची मुख्यतः उपग्रहांवरून मोजत नाही. सगळे उपग्रह आपल्या वरच्या बाजूला असतात, खालून एकही नसतो. त्यामुळे उपग्रहांवरून काढलेली उंची आडव्या जागेपेक्षा जास्त चुकते. म्हणून अशा घड्याळांत हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर बसवतात. वर जावे तसा दाब कमी होतो, आणि नागपूरच्या उंचीवर, उन्हाळ्यातल्या हवेत, एक हेक्टोपास्कल दाब घटला म्हणजे आपण सुमारे नऊ मीटर वर गेलो असा हिशेब घड्याळ करते. अडचण अशी की आपण जागचे न हलताही दाब बदलतो. उष्ण कटिबंधात हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो: सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास तो सर्वाधिक असतो, तर पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. मे महिन्यात आपल्याकडे सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात तीन-चार हेक्टोपास्कलची घट सहज होते. चारला नऊने गुणा. ३६ मीटर आले. खुर्चीवर बसून तुम्ही ३२ मीटर वर गेलात, त्याचा उलगडा यातच आहे.

फुटाळ्याचेही तसेच. पहाटे सव्वापाचला दाब नुकताच चढू लागलेला असतो आणि सातपर्यंत तो एक-सव्वा हेक्टोपास्कल वाढतो. दाब वाढला म्हणजे आपण खाली उतरलो, असे घड्याळ समजते. तुम्ही संध्याकाळी सहा ते आठ धावलात, तरीही तेच घड्याळ तुम्हाला खाली ‘उतरवेल’, कारण तेव्हाही दाब चढतच असतो. दुपारी बारा ते दोन धावलात (कृपया धावू नका) तर वर ‘चढवेल’. मी हे एकदा घरच्या टेबलावर घड्याळ ठेवून दिवसभर पाहिले आहे आणि ती लाट पाहताना मला फार मजा वाटली होती.

उपाय सोपा आहे. धावायला निघण्यापूर्वी ज्ञात उंचीच्या जागी घड्याळ जुळवून घ्यावे. रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या फलकावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते; तिथे एकदा जुळवून लगेच घरी जावे, घरची उंची टिपून ठेवावी आणि पुढे रोज घरीच जुळवावे. रामटेकच्या गडावर चढताना तासाभराचाच प्रश्न असल्यामुळे ही चूक जाणवणारही नाही. घामाचे मीठ बॅरोमीटरच्या बारीक छिद्रात साचले तर मात्र आकडे खरोखर अडकतात, म्हणून धावून आल्यावर घड्याळ साध्या पाण्याखाली धरावे.

उत्तर (छातीपट्टावाली)

मी थोडे वेगळे मत मांडते. तुमच्या वर्णनावरून तुम्ही घेतले आहे तेच घड्याळ मीही घेतले होते असे वाटते, आणि मी ते परत केले.

मनगटावरचा संवेदक हिरवा प्रकाश त्वचेत सोडतो आणि रक्ताच्या लाटेबरोबर परत येणाऱ्या प्रकाशात जो फरक पडतो तो मोजतो. धावताना हाताच्या हालचालीचीही एक लय असते. पट्टा सैल असेल, तर संवेदक रक्ताची लय सोडून पावलांची लय पकडतो. तुमची पावले मिनिटाला किती पडतात ते त्याच नोंदीत पाहा. ती १७० च्या जवळपास असतील, तर घड्याळ तुमचे हृदय नव्हे, पाय मोजत होते असे समजा. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर आणि घट्ट बांधा, आधी पाच मिनिटे भरभर चाला, आणि शंका आली तर थांबून मानेवर बोटे ठेवून १५ सेकंद ठोके मोजा व चारने गुणा.

एवढे सगळे करूनही माझ्या घड्याळाने जलद टप्प्यांत ठोके अर्धा मिनिट उशिराच दाखवले, जे माझ्या जुन्या घड्याळात होत नसे. ४०० मीटरचे टप्पे नाडी पाहून धावायचे असतील, तर हे घड्याळ एकटे पुरेसे नाही. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत घेतो, त्यामुळे त्याला हा त्रास होत नाही. आणि धावताना कधी चक्कर किंवा छातीत दुखणे जाणवले, तर घड्याळाकडे न पाहता डॉक्टरांकडे जावे.

उत्तर (जुनी सायकल)

एकच भर घालतो. २५ मेपासून नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. घड्याळ उभ्या गाडीत ठेवू नका आणि उन्हातून आल्याआल्या चार्जिंगला लावू नका. ४५ अंशांच्या वर लिथियम बॅटरी चार्ज केल्यास तिचे आयुष्य घटते. तसेच घड्याळातले तापमान हवेचे समजू नका, त्यात मनगटाची ऊब मिसळलेली असते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर (पहाटेचा धावक)

सर्वांचे आभार. उपग्रहांची निवड खरोखरच ‘स्वयंचलित’वर होती. ती बदलून काल मानकापूरला आतल्या पट्टीवरून २५ फेऱ्या मारल्या, तेव्हा घड्याळाने १०.०६ किलोमीटर दाखवले. पुलाखाली मात्र आज सकाळी पुन्हा तोच गोंधळ झाला, आणि त्याचे आता मला वाईट वाटत नाही.

ताई, तुमचा अंदाज बरोबर होता: माझी पावले मिनिटाला १७२ आहेत. पट्टा घट्ट केल्यावर सुरुवातीचा आकडा १३० च्या आसपास आला, पण जलद टप्प्यांतला उशीर मलाही दिसला. तरी मी मुख्यतः लांब पल्ल्याचे धावतो, म्हणून घड्याळ ठेवतो आहे आणि छातीचा पट्टा वेगळा घेतो आहे.

एक तक्रार उरतेच. घरून मराठीत संदेश आला की घड्याळावर अक्षरांऐवजी नुसते चौकोन दिसतात. ग्राहक सेवेने ‘पुढील अपडेटमध्ये पाहू’ एवढेच कळवले. कोणी यावर तोडगा काढला असल्यास कृपया सांगावे, नाहीतर दूध आणायचे की दही हे मला दर वेळी फोन करूनच विचारावे लागते.