मदत हवी आहे: सिंगापुरातला मोफत चिनी वैद्यकाचा दवाखाना

नमस्कार मंडळी, सिंगापूरकरांना विचारतेय. आमच्या ब्लॉकमध्ये साफसफाई करणाऱ्या तमिळ मावशींचे गुडघे फार दुखतात. एका हातात बादली, दुसऱ्याने कठडा धरून एकेक पायरी तिरक्या पायाने उतरतात. बघवत नाही हो. त्यांना चिन स्वी रोडवरच्या थाँग चाय संस्थेत न्यायचा विचार आहे. १८६७ पासून तिथे वंश-धर्म न बघता गरजूंना तपासणी आणि औषध दोन्ही फुकट मिळतं. एवढी वर्षं हे व्रत चालवणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

काळजी वेगळीच आहे. मावशी रक्त पातळ होण्यासाठी वॉर्फरिन घेतात. डानशेन, डाँग क्वाय अशा चिनी औषधी मुळ्यांनी वॉर्फरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. इथले वैद्य सरकारी मंडळाकडे नोंदणी केलेले असतात, तेव्हा त्यांना हे ठाऊक असणारच. पण मावशी वॉर्फरिन घेतात हे आधी त्यांच्यापर्यंत पोचायला हवं ना! मावशींना मँडरिन येत नाही, मलाही नाही.

तिथे कुणी गेलंय का? इंग्रजीत बोलता येतं का? दिलेल्या औषधांची नावं लिहून मिळतात का, म्हणजे पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांना दाखवून मगच सुरू करता येतील? आणि मँडरिन येणारं कुणी एखाद्या सकाळी सोबत येईल का? मावशींची सुट्टी रविवारी असते, पण दुसऱ्या वाराचीही रजा मी मागून देईन.